कऱ्हाडचा 'ऱ्' आणि गुगलच्या पहिल्या पानावर न येणाऱ्या वेबसाइट

पतसंस्था, अडत दुकानं, दूध संघ, कारखान्याचं शेती खातं. सांगली-साताऱ्यात सॉफ्टवेअरचं जे काम चालतं त्यातलं बरंचसं अशाच ठिकाणचं. समजा, एका पतसंस्थेच्या सभासद यादीत गावाच्या रकान्यात 'कऱ्हाड' टाइप करून तुम्ही शोध दिला. यादी वरखाली सरकवली तर कऱ्हाडचे दोनशे सभासद डोळ्यांना दिसतायत, आणि संगणक म्हणतोय एकशे वीस. उरलेले ऐंशी गेले कुठे? अक्षरं तीच, फॉन्ट तोच, मागेपुढे चुकून पडलेली स्पेसही नाही. मॅनेजरसाहेब मागे उभे आहेत आणि उद्या ऑडिट आहे.

अशा वेळी गुगलला विचारलं की डेटाबेसमध्ये मजकूर कसा शोधावा हे सांगणारे लेख रांगेने येतात. एकात उदाहरण जॉनचं, दुसऱ्यात मेरीचं, बाकी सगळं एकमेकांची झेरॉक्स. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही या लेखांच्या वर एआयने जुळवलेलं उत्तर दिसायला लागलं. तेही जॉन आणि मेरीवरच पोसलेलं.

ज्याने असा घोळ स्वतः निस्तरलाय, त्याने लिहून ठेवलेलं पान बहुतेक वेळा एखाद्या वैयक्तिक वेबसाइटवर असतं. प्रोग्रामिंग आणि वेबसाइट बनवणं या विषयांवर अशा साइट हजारोंनी आहेत. पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत दहा वर्षं मुरलेला माणूस बसलेला असतो; अडलं की खुर्ची वळवून विचारता येतं. सांगलीच्या विश्रामबागेत दोन खोल्यांच्या ऑफिसात एकट्याने काम करणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून माझं मत असं की, आपल्या भागातल्या मुलांना आणखी एका कोर्सपेक्षा या साइटची गरज जास्त आहे. त्या असतात काय, नजरेआड का राहतात आणि सापडवायच्या कशा, ते पाहू.

## आधी कऱ्हाडचा गुंता

संगणक अक्षरं ओळखत नाही, आकडे ओळखतो. जगभरच्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक देणारी यादी म्हणजे युनिकोड. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. पण आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, त्याला युनिकोडमध्ये एकच क्रमांक असेल असं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार या सगळ्यांना आपापले क्रमांक आहेत. 'सांगली' आपल्या लेखी तीन अक्षरांचं गाव. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला लांबी विचारा, ती सहा सांगेल: स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. 'विश्रामबाग' तर दहा. फॉर्ममध्ये नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली की मराठी नावं मध्येच का तुटतात, त्याचं कारण हेच.

आता कऱ्हाड. यात 'ह'ला डावीकडून चिकटलेला जो बाकदार अर्धा र आहे, तो हिंदीवाल्यांना लागत नाही. आपल्याला दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या सगळीकडे लागतो. तो साठवायच्या दोन रीती चालू आहेत. एकीत 'ऱ' हे वेगळ्या क्रमांकाचं अक्षर आणि त्यापुढे पाय मोडल्याची खूण, म्हणजे हलन्त. दुसरीत साधा 'र', मग हलन्त, आणि त्यानंतर जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. एका कीबोर्डवरून एक रूप निघतं, दुसऱ्यावरून दुसरं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी, आत आकडे निराळे. संगणक आकडे ताडून पाहतो. त्यामुळे एका क्लार्कने भरलेले कऱ्हाडकर आणि दुसऱ्याने भरलेले कऱ्हाडकर त्याच्या लेखी दोन वेगळ्या गावचे.

सारखी दिसणारी रूपं एकाच रूपात आणून ठेवायची एक ठरलेली पद्धत युनिकोडमध्ये आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. वाटतं, ती चालवली की सुटलो. पण तयार 'ऱ' आणि 'र'ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन केलेला 'ऱ' एवढ्यांनाच ती एक करते. जॉइनरवाल्या रूपाला ती हात लावत नाही. ते रूप बदलणारी ओळ आपल्यालाच लिहावी लागते, आणि ती डेटा भरतानाही चालवावी लागते आणि शोधतानाही.

हे समजून घ्यायला दहा मिनिटं पुरतात. कुणी सांगणारं नसेल तर दोन दिवस जातात. अभ्यासक्रमात हे बसत नाही. डेटाबेसच्या अधिकृत माहितीपत्रकातही मिळत नाही, कारण वस्तू चालते कशी ते तिथे लिहिलेलं असतं, फसते कुठे ते नसतं. युनिकोडच्या जाडजूड प्रमाणग्रंथात या अर्ध्या र ची नोंद आहे खरी, पण तिथवर पोचतो कोण? जो फसलेला असतो तोच हे सोप्या भाषेत लिहितो, आणि लिहितो आपल्या स्वतःच्या जागेवर.

## वैयक्तिक वेबसाइट म्हणजे कुठली

एका माणसाने स्वतः पत्ता, म्हणजे डोमेन, घेतलेलं असतं. मजकूर त्याचा. कधी लिहायचं, किती लिहायचं, हेही त्याच्याच मर्जीवर. फेसबुकचं पान किंवा लिंक्डइनवरच्या पोस्टी मी यात धरत नाही. तिथली जागा कंपनीची. तुमचं लिहिलेलं कुणाला दाखवायचं ते तीच ठरवते.

नमुन्यादाखल काही नावं. कॅनडातल्या ज्युलिया इव्हान्स लिनक्स ही संगणकप्रणाली, साइटचे पत्ते शोधून देणारी डीएनएस, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट असे विषय हाताने काढलेल्या चित्रांतून सांगतात, आणि आपल्याला नेमकं काय कळत नव्हतं तिथूनच बहुधा सुरुवात करतात. डॅन लू यांच्या साइटवर ना रंग, ना चित्र. पानभर नुसता मजकूर. पण कीबोर्डचं बटण दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी जुन्या-नव्या संगणकांवर मोजून मांडलंय. त्यात १९८३ सालचा ॲपल टू-ई आजच्या महागड्या मशिनांना मागे टाकतो. असं मोजमाप कुठली कंपनी आपल्या साइटवर छापेल? रेडिस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस मुळात लिहिणारे साल्व्हातोरे सानफिलिप्पो इटलीतल्या सिसिली बेटावरचे, आणि सॉफ्टवेअर लिहिताना काय विचार केला ते स्वतःच्या साइटवर मांडत आलेत. जांगो हे वेबसाइट बनवायचं साधन ज्यांनी सुरू केलं त्यांच्यातले सायमन विलिसन २००२ पासून लिहितायत, हल्ली बहुतांश एआयवर. आपल्याकडे झेरोधा या शेअर-दलाली कंपनीचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांची स्वतःची साइट आहे. संतोष तोट्टिंगल मल्याळम लिपी, फॉन्ट आणि जोडाक्षरांवर लिहितात; मल्याळमच्या जागी मनातल्या मनात मराठी घालून वाचलं तरी बरंचसं लागू पडतं.

ज्यांनी भिलार पाहिलंय त्यांना ही सगळी व्यवस्था लगेच समजेल. पाचगणीजवळच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव सुरू झालं. तिथे पुस्तकं एका वाचनालयात कोंबलेली नाहीत, लोकांच्या घराघरांत मांडलेली आहेत. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी मुलांची पुस्तकं. चप्पल काढा, आत जा, बसून वाचा, पैसे पडत नाहीत. वैयक्तिक साइटचं जग असंच घराघरांत विखुरलेलं आहे. फरक इतकाच की भिलारला सरकारने पाट्या लावून दिल्या. वेबवर पाट्या लावणारं कुणी नाही, आणि घरं मोजता येणार नाहीत इतकी.

## मग गुगल काय करतं?

शोधयंत्राचं काम तीन टप्प्यांत चालतं. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा फिरत राहतो. सापडलेल्या पानांची शब्दवार सूची बनते. तुम्ही काही विचारलंत की सूचीतून निघालेल्या पानांना क्रम लावला जातो. घोडं पेंड खातं ते इथे, क्रम लावताना.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली कल्पना सोपी होती: ज्या पानाला पुष्कळ जणांनी लिंक दिली ते वजनदार, आणि वजनदार पानाने दिलेली लिंक जास्त मोलाची. आता क्रम लावताना इतरही कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात. पण जिथे आधीच गर्दी आहे तिथे आणखी गर्दी पाठवायची, हा कल राहिलाच. शिवाय पहिल्या पानावर येण्याचं एक शास्त्रच तयार झालं, त्याला एसईओ म्हणतात. लोक जे जे टाइप करतील त्या प्रत्येक वाक्याचं एकेक पान कंपनी पगारी लेखकांकडून करून घेऊ शकते. एकटा माणूस वर्षाकाठी चार लेख लिहितो, शीर्षकं मनाला येतील तशी देतो आणि गुगलला खूश करायला काहीही करत नाही. त्याचं पान सूचीत असतं, पण इतकं खाली की तिथवर कुणी जात नाही.

यात कुणाचं कारस्थान शोधायची गरज नाही. लाखो लोक रोज तोच प्रश्न विचारतात तेव्हा त्याला सरासरी उत्तर चालून जातं. जीक्सफॉरगीक्स, डब्ल्यूथ्रीस्कूल्स अशा प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या मोठ्या साइटवर तर मी मुळीच रागावलेलो नाही. सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायची नेमकी रीत, आठवेनासा झाला की मीही तिथेच जातो. पण शोधयंत्राला एक मूळचीच मर्यादा आहे: काय शोधायचं ते तुम्हाला आधी ठाऊक असावं लागतं. जॉइनर नावाचं काही असतं हेच माहीत नसेल, तर शोधाच्या चौकटीत लिहाल काय?

यंत्राने क्रम लावायच्या आधी माणसं याद्या करत. १९९४ साली याहू सुरू झालं तेच मुळी दोन विद्यार्थ्यांनी हाताने केलेल्या साइटच्या यादीतून. १९९८ मध्ये आलेल्या डीमॉझ या यादीवर तर हजारो स्वयंसेवक काम करत. याहूची यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. मोठ्या याद्या गेल्या. छोट्या मात्र शाबूत आहेत, आणि त्या वैयक्तिक साइटच्याच आत आहेत.

## शोधायचं कसं: माणसावरून माणूस

पहिली साइट मिळवणं हेच काय ते अवघड. त्याची सगळ्यांत खात्रीची वाट गुगलमधून जातच नाही. तुम्ही रोज जी लायब्ररी किंवा फ्रेमवर्क, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेलं तयार कोड, वापरता ती लिहिली कुणी, ते गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पाहा. तिथे काम करणाऱ्यांची नावं असतात. नावावर क्लिक केलं की त्या माणसाचं प्रोफाइल उघडतं, आणि त्यात पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या साइटचा पत्ता असतो. ज्याचं कोड तुमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज चालतंय, तो माणूस काय विचार करतो हे वाचायला मिळणं म्हणजे चैन आहे, आणि ती फुकट आहे.

गुगलच वापरायचं तर जरा खोडकरपणे वापरा. एरर मेसेज जसाच्या तसा अवतरणचिन्हांत घाला. ज्या मोठ्या साइट सारख्या येतात त्यांची नावं वजाचं चिन्ह लावून वगळा. निकालांच्या वरच्या पट्टीत 'वेब' नावाचा पर्याय मे २०२४ पासून आला आहे. तो निवडला की एआयचं उत्तर आणि बाकीची आरास जाते, साध्या लिंक उरतात. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानावरच्या लिंक एकमेकांना दाखवायच्या साइटवर रोज शेकडो लिंक येतात आणि त्यातल्या बऱ्याच वैयक्तिक साइटच्या असतात. तिथली एक युक्ती फारशी कुणी वापरत नाही: लेखाच्या नावापुढे कंसात साइटचा पत्ता असतो, त्यावर क्लिक केलं की त्या साइटवरून आजवर तिथे आलेले सगळे लेख एकाखाली एक दिसतात. एखादा माणूस एका लेखापुरता चमकला की वर्षानुवर्षं चांगलं लिहितोय, ते लगेच कळतं.

मार्जिनेलिया आणि विबी ही छोट्या साइटसाठीच केलेली शोधयंत्रं आहेत. जाहिरातींनी लडबडलेली पानं तिथे खाली जातात, साधी मजकुराची पानं वर येतात. कागी या कंपनीच्या 'स्मॉल वेब'मध्ये तर शोधायचंही नसतं. बटण दाबलं की कुणाचा तरी ताजा लेख समोर येतो. रविवारी दुपारी बरं आहे, कामाच्या दिवशी टाळा.

एक साइट हाती लागली की मग मात्र घाई करू नये. लेख वाचून टॅब बंद करायची सवय आपल्याला लागलीय, तीच इथे आड येते. लेखाच्या ओघात दिलेल्या लिंक उघडा. त्या लिहिणाऱ्याने स्वतः वाचून निवडलेल्या असतात. मग मुख्य पानावर जाऊन 'ब्लॉगरोल' किंवा नुसतं 'लिंक्स' असं काही दिसतं का बघा. ती त्या माणसाच्या रोजच्या वाचनातल्या साइटची यादी असते. काही जण आपण कुठला संगणक, कुठला एडिटर, कुठला फॉन्ट वापरतो याचंही पान ठेवतात. काही जण सध्या कशात गुंतलोय ते लिहून ठेवतात. या दुसऱ्या प्रकाराचा प्रघात डेरेक सिव्हर्स यांनी २०१५ मध्ये पाडला. एखाद्या तळटिपेत कधीकधी वेबरिंग सापडतं: एका विषयाच्या साइट गोलात जोडलेल्या, प्रत्येकीवर 'मागची' आणि 'पुढची' अशा दोन लिंक. पुढे-पुढे जात राहिलं की फिरून पहिल्या साइटवर येतो. ही कल्पना सेज वाइल यांनी १९९५ मध्ये चालवली. मध्यंतरी मोडीत निघाली होती, आता पुन्हा अनेकांनी उचललीय.

असं दोन-तीन पावलं गेलं की तीच ती आठ-दहा नावं वेगवेगळ्या लोकांच्या यादीत पुन्हा भेटायला लागतात. जे आपल्याला पटलेत त्या तिघांना जो पटला, तो बहुधा आपल्यालाही पटतो. अल्गोरिदमने निवडलेल्या नावापेक्षा मला हे जास्त खात्रीचं वाटतं.

## सापडलेल्या साइट लक्षात कशा ठेवायच्या?

बुकमार्क करून ठेवलेल्या साइट आपण पुन्हा उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. यावरचा उपाय जुना आहे: आरएसएस नावाची वेबवरची एक सोय. साइटवर एक साधी मजकुराची फाइल असते, तिला फीड म्हणतात. ती उघडून पाहिली तर आत प्रत्येक लेखामागे तीनच महत्त्वाच्या गोष्टी दिसतात: लेखाचं नाव, त्याची लिंक, तारीख. नवा लेख आला की फाइलमध्ये एक नोंद वाढते. तुमच्या फोनवरचं रीडर ॲप थोड्या थोड्या वेळाने ती फाइल बघतं आणि नवीन काही असेल तर पुढ्यात ठेवतं. खातं काढायचं नाही, ईमेल द्यायचा नाही. कुणी काय वाचायचं ते ठरवत नाही. तुम्ही निवडलेले लोक तारखेच्या क्रमाने दिसतात.

आरएसएस १९९९ चं. गुगलनेही २००५ मध्ये गुगल रीडर काढलं होतं, आणि १ जुलै २०१३ ला बंद केलं. तेव्हापासून आरएसएस संपलं असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही गाडीत ऐकता ती बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएसवरूनच पोचतात.

अँड्रॉइडवर फीडर, आयफोनवर नेटन्यूजवायर ही फुकट ॲप आहेत. कंप्युटरवर थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्येही ही सोय आहे. बऱ्याचदा साइटचा नुसता पत्ता टाकला तरी ॲप फीड हुडकून काढतं. नाहीच सापडलं तर कंप्युटरवर कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स उघडा आणि त्यात 'आरएसएस' किंवा 'ॲटम' (फीडचाच दुसरा प्रकार) हे शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा. सुरुवात वीस साइटने करा. दोनशे घातल्या की न वाचलेल्या लेखांचा आकडा बघून ॲपच उघडावंसं वाटत नाही.

## 'चॅटजीपीटीला विचारलं की झालं!'

झालं, बऱ्याच वेळा खरंच झालं. कोड का चालत नाही, या ओळीचा अर्थ काय, यासाठी तो वापरावाच. पण तो जे सांगतो ते मुळात कुणीतरी लिहिलेलं असतं. ज्या अडचणीवर पुष्कळांनी लिहिलंय तिथे उत्तर चांगलं येतं. ज्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही तिथे तो तितक्याच आत्मविश्वासाने नॉर्मलायझेशन चालवा म्हणून सांगू शकतो. दुसरी गोष्ट अशी की तो विचारलेल्याचं उत्तर देतो. डॅन लू यांचं ते मोजमाप कुणी विचारलेलं नव्हतं. न विचारलेलं वाचल्याशिवाय माणूस कामात मुरत नाही. दोन्ही वापरा. त्याला विचारा, आणि मग ज्याने ते स्वतः केलंय त्याच्याकडून ताडून घ्या.

## 'एकट्या माणसाचं खरं कशावरून?'

शंका रास्त आहे. वैयक्तिक साइटवर संपादक नसतो. म्हणून आधी तारीख पाहायची. वेबच्या कामात पाच वर्षांपूर्वीचा सल्ला पार उलटा झालेला असू शकतो. युनिकोडचंच घ्या. 'क्षि' हे एकच अक्षर मानायचं की दोन, याचा नियम २०२३ च्या आवृत्तीत बदलला. त्याआधीचं पान त्या वेळी बरोबर होतं, आज नाही. उलट ज्योएल स्पॉल्स्की यांनी २००३ मध्ये आपल्या साइटवर युनिकोडची तोंडओळख करून देणारा लेख लिहिला, त्यातला गाभा अजून टिकून आहे. तारीख म्हणजे निकाल नव्हे, पण तिच्याकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग बघा, लिहिणारा काही करून दाखवतोय की नुसतं मत देतोय. कोड दिलंय का, आकडे दिलेत का, तुम्हाला ते घरी चालवून पाहता येईल का? खाली 'दुरुस्ती' म्हणून काही जोडलंय का? आपली चूक उघड दुरुस्त करणाऱ्याचं बाकीचंही मी निश्चिंतपणे वाचतो. आणि संपर्काचा ईमेल असेल तर प्रश्न विचारायला लाजू नका. थोडक्यात, नेमकं आणि काय काय करून पाहिलं ते लिहून विचारलं की पुष्कळ जण उत्तर देतात. सर, मॅडम, रिस्पेक्टेड वगैरे तीन ओळी मात्र नकोत.

## 'आणि साइटच बंद पडली तर?'

पडतात. डोमेनचे पैसे भरायचे राहिले, माणूस कंटाळला, कधी माणूसच गेला. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मोठ्या कंपनीच्या आसऱ्याला असलेली पानं तरी कुठे राहतात? जिओसिटीजवर लोकांनी हौसेने केलेली लाखो पानं होती; याहूने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मेलेल्या पानाचा पत्ता टाकला की जुनी प्रत बऱ्याचदा निघते. कामाचं वाटलेलं पान तिथे आपणही जपून ठेवू शकतो. त्याला अर्धा मिनिट लागतो.

## 'हे सगळं इंग्रजीतच आहे ना?'

आहे, आणि ही तक्रार सगळ्यांत खरी. तांत्रिक इंग्रजी कथा-कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा सोपं असतं. तेच तेच शब्द येतात, महिनाभरात सरावतात. ब्राउझरमधलं भाषांतरही अर्थ लागण्यापुरतं पुरतं. पण मराठीत संगणकावर इतकं कमी का, याला आपला आळस हे एकच कारण नाही. युनिकोड सगळीकडे पोचेपर्यंत मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये अडकलेला होता. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं आत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांनी साठायचं, वर फक्त मराठी आकाराचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशिनवर त्याचा कचरा दिसायचा, आणि शोधयंत्रालाही तो कचराच दिसायचा. त्यामुळे मराठीत जे लिहिलं गेलं तेही सापडण्याजोगं नव्हतं.

आज ती अडचण नाही. उलट त्या जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोडमध्ये आणणं हेच आपल्याकडच्या कितीतरी संस्थांचं अडलेलं काम आहे. त्यात कुठली अक्षरं बिघडतात, रफार कुठे सरकतो, जुनी सभासद यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना काय काय तपासायचं, हे ज्याने केलंय त्याने मराठीत लिहिलं तर ते वाचणारे लोक गडहिंग्लजपासून नांदेडपर्यंत आहेत. असं पान गुगलवरही वर येईल, कारण स्पर्धाच नाही.

## स्वतःची साइट काढायची तर

एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेत एक फाइल लिहिता आली की साइट झाली. गिटहब पेजेस किंवा निओसिटीजवर ती फुकट ठेवता येते. स्वतःचा '.इन' पत्ता घ्यायचा तर वर्षाला काही शे रुपयांचं काम. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत '.भारत' पत्ताही मिळतो. मागच्या मागे त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतं, त्याला प्युनीकोड म्हणतात. दिसायला तो झकास, पण कुणी कुठे चिकटवला की त्याच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरांची माळ उमटू शकते, आणि काही फॉर्म असा पत्ता घेतच नाहीत. माझं ऐकाल तर आधी '.इन' घ्या, हौस म्हणून दुसरा.

नोकरीला याचा उपयोग होतो का, असं पालक विचारतात. मुलाखतीत 'हे मी केलं आणि हे असं फसलं' असं दाखवायला स्वतःचं पान असेल तर बोलणं सोपं जातं, एवढं नक्की.

पहिला लेख मोठा नको. या आठवड्यात ज्या गोष्टीने छळलं ती, आणि शेवटी ती सुटली कशी. शीर्षकात एरर मेसेज जसाच्या तसा घाला, म्हणजे पुढच्या अडलेल्याला तो सापडेल. फीड चालू ठेवा. तळाशी तुम्ही स्वतः वाचता त्या पाच-सहा साइटच्या लिंक द्या. तुमच्या बॅचमधला एक वाईचा, एक विट्याचा आणि एक मिरजेचा, अशा तिघांनी साइट काढल्या असतील तर त्या एकमेकींना जोडून टाका. वेबरिंगला तीन साइट पुरतात.